किलोमीटरला रुपया खरंच पडतो का? ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक गाडी आहे त्यांनी बिलासकट सांगा

एरंडोलचा मास्तर

नमस्कार मंडळी. मी राहतो एरंडोलला, शाळा जळगावात. रोजचं येणं-जाणं साठ किलोमीटर, महिन्याला पंधराशे धरा. आत्ताची पेट्रोल गाडी अठराचं मायलेज देते. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर महिन्याला ८,७५० रुपये पंपावर ठेवून येतो. पगार झाला की पहिला नमस्कार पंपवाल्याला.

गेल्या रविवारी इलेक्ट्रिक गाडी बघायला गेलो. शोरूममधल्या पोराने पावतीच्या मागे हिशोब करून दिला : बॅटरी २४ युनिटची, युनिट ८ रुपये, म्हणजे १९२ रुपयांत गाडी फुल. फुल गाडी २०० किलोमीटर जाते. "सर, किलोमीटरला रुपयासुद्धा नाही." कागद खिशात घालून खुशीत घरी आलो.

संध्याकाळी भुसावळच्या साडूंचा फोन. त्यांच्याकडे वर्षभरापासून अशीच गाडी आहे. म्हणाले, "घेऊ नका. मे महिन्यात मला ९,२०० रुपये बिल आलं. यापेक्षा पेट्रोल बरं."

आता एक जण म्हणतो रुपया, दुसरा म्हणतो पेट्रोलएवढं. मी गणित शिकवतो, पण इथं मलाच कळेना. माझ्या घरी एरवी १८० युनिट येतात. एप्रिल-मे-जूनला कूलर-एसीमुळे ३२० च्या आसपास. घराचा पुढचा भाग स्लॅबचा, मागचा अजून धाब्याचा (मातीच्या छताचा), आणि गाडी मागे लागते. तिकडची वायरिंग वडिलांच्या काळातली आहे.

जाहिरातीतलं नको, तुमच्या घरचं सांगा.

अमळनेरी

मास्तर, दोन्ही खरंच बोली राह्यनात. एकनी घरनं बिल दखं नही, दुसरानी गाडीनं बिल येगळं करं नही. 😄

बाकी ते फैजपूरचे ठिबकवाले येतील आता वही घेऊन. त्यांना कोणी गाडीचं विचारायचीच खोटी.

फैजपूरचा ठिबकवाला

आलो भाऊ, वहीसकट आलो.

सर, रामराम. माझं दुकान ठिबकचं. दुकानात बसणं कमी, फिरणं जास्त : न्हावी, सावदा, निंभोरा, खिरोदा, कधी वर सातपुड्यातल्या पालपर्यंत. गाडी टियागो ईव्ही, २४ युनिटच्या बॅटरीवाली, म्हणजे बहुतेक तुम्ही बघून आलात तीच. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ असं पूर्ण वर्ष मी लिहून ठेवलंय. गाडीच्या पॉइंटला वेगळं सबमीटर आहे. ते बसवायचं कारण हिशोब नव्हे, घरातली शांतता. बिल वाढलं की मी फ्रिजकडे बघायचो आणि बायको गाडीकडे. आता मीटरच बोलतो.

आधी त्या पोराचा कागद घेऊ. एवढ्याशा हिशोबात तीन ठिकाणी माती खाल्लीय.

पहिली गोष्ट, ८ रुपये. हा दर आला कुठून? तुमच्या १८० युनिटांचे नुसते विजेचे पैसे घ्यायचे, शुल्क वगैरे सोडून, भागिले १८०, आला साडेआठच्या आत-बाहेर. ती झाली सरासरी. पण गाडी काही सरासरीने वीज घेत नाही. महावितरणचं घरगुती बिल म्हणजे जिना आहे. माझ्या वहीच्या वर्षातल्या पायऱ्या सांगतो, वहन आकार (वीज वाहून आणायचे पैसे) धरून : पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० ला ११ रुपये ४६ पैसे, ३०१ ते ५०० ला १५ रुपये ७२ पैसे, आणि त्याच्या वर गेलात की १७ रुपये ८१ पैसे. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. आता आकडे बदललेत, पायऱ्या त्याच आहेत.

स्वस्तातले पहिले १०० तुमच्या फ्रिजने, पंख्याने आणि मोटरीने कधीच खाल्ले. वरचे ८० सुद्धा घरानेच. गाडी येणार ती थेट १८१ व्या युनिटावर पाय ठेवायला. किलोमीटरला रुपया हा दर खोटा नाही, सर. तो त्या माणसाला पडतो ज्याच्या घरात गाडी आहे आणि फ्रिज नाही.

दुसरी गोष्ट, २४ युनिट. बॅटरीत २४ मावतात, मीटरवर जास्त पडतात. घरी येते ती एसी वीज (थंड हवेचा एसी नव्हे, विजेचा प्रकार), बॅटरीला लागते डीसी. एकीची दुसरी करताना गाडीतला चार्जर तापतो. ती उष्णता तुमच्याच बिलातून जाते. मी २० टक्क्यांवरून १०० पर्यंत कितीदा तरी भरून पाहिली. हिशोबाने १९.२ युनिट हवेत, सबमीटरवर २२ च्या वर येतात. म्हणजे शंभर युनिटांचे पैसे भरले की सत्त्याऐंशी गाडीत. पूर्ण बॅटरी भरायला पावणेअठ्ठावीसच्या आसपास लागतात. विहिरीतलं पाणी पाटाने आणलं की पाट थोडं पितो, तसंच. (म्हणून तर लोक ठिबक घेतात, पण तो विषय नको.)

तिसरी, २०० किलोमीटर. जातात, खोटं कशाला बोलू. पण शंभरावरून शून्यावर येईपर्यंत. शून्यावर गाडी आणायची छाती माझी नाही. यावल रोडवर रात्री नऊ वाजता १२ टक्के दिसले होते तेव्हा एसी, रेडिओ आणि बोलणं असं तिन्ही बंद करून घरी आलो होतो.

मला मीटरवरच्या एका युनिटामागे वर्षभराची सरासरी ६.८ किलोमीटर पडली. डिसेंबरात ७.३, मे महिन्यात ५.९. आपल्याकडचा मे काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, उन्हात उभ्या गाडीत बसायच्या आधीच दहा मिनिटं एसी लावावा लागतो. त्या एसीची वीजही बॅटरीतूनच. पालचा चढ असेल तर आणखी खाते. उतरताना थोडं परत देते, पण सगळं नाही. उधारीतलं गिऱ्हाईक देतं तितपत.

आता तुमचं गणित मांडतो. तुमची चाल सरळ हायवेची आहे, तुम्हाला ७ धरतो. १,५०० किलोमीटरला २१५ युनिट. घरचे १८० आणि हे २१५, मिळून ३९५. म्हणजे गाडीची १२० युनिटं ११.४६ च्या पायरीवर आणि ९५ युनिटं १५.७२ च्या. झाले २,८६९. त्यावर १६ टक्के, झाले ३,३२८. किलोमीटरला २ रुपये २२ पैसे.

उन्हाळ्यात घरचेच ३२०. गाडी युनिटाला ६ देणार, म्हणजे २५० युनिट. त्यातली १८० तिसऱ्या पायरीवर आणि ७० सगळ्यात वरच्या. शुल्कासकट ४,७२८. किलोमीटरला ३ रुपये १५ पैसे.

गाडी तीच, रस्ता तोच, वीजही त्याच तारेतून. फक्त घरात आणि गाडीत एसी चालू झाला म्हणून गाडीचं किलोमीटर ९३ पैशांनी महागलं. हे कोणत्या शोरूमवाल्याने तुम्हाला सांगितलं असतं?

आणि साडूंना एवढंच विचारा, गाडी घ्यायच्या आधीच्या मे महिन्यात बिल किती होतं. त्यांनी अख्खं बिल गाडीच्या नावावर टाकलं असणार.

अमळनेरी

काका, एक शंका. तुम्ही गाडीलाच का वरच्या पायरीवर चढवताय? मी म्हणतो गाडी खालच्या १०० मध्ये आणि एसी वरच्या पायरीवर. बिल तर तेवढंच येणार ना? मग गाडी स्वस्त आणि एसी महाग.

फैजपूरचा ठिबकवाला

शंका बरोबर आहे, आमच्या घरात यावरून दोन दिवस अबोला होता.

हे बघ, एसी आधीपासून घरात आहे. सर विचारतायत ते नवीन गाडीबद्दल. गाडी आली तर बिलात किती वाढणार, हाच त्यांचा प्रश्न. गाडी नसती तर महिन्याचं बिल १८० वरच थांबलं असतं, आली म्हणून ३९५ झालं. वाढलेलं सगळं गाडीचं. उद्या ते गाडी ठेवून एसी विकायला निघाले तर तुझा हिशोब खरा, तेव्हा एसी वरच्या पायरीवर. जे नवीन येतं किंवा जातं त्याचा हिशोब वरून करायचा. पंगतीत शेवटी आलेल्याला जे उरलंय तेच मिळतं, आधी बसलेल्याच्या ताटातलं उचलून देत नाहीत.

केळीवाला

एवढं डोकं कशाला लावता? शेतात मोटरीचं कनेक्शन आहे ना कोणाचं तरी? साडेसात एचपीपर्यंत बिल माफ आहे. तिथं लावा गाडी रात्रीची. किलोमीटरला शून्य रुपये.

निवृत्त वायरमन

केळीवाले भाऊ, आत्ता लिहिलंत ते लिहिलंत, करू नका. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आहे ती पाणी उपसायला. त्यावर गाडी लावली की विद्युत कायदा २००३ चं कलम १२६ लागतं, मंजूर कारण सोडून वापर. आकारणी दुप्पट दराने. शिवाय शेतीच्या फीडरला वीज मोजकेच तास, तीही कधी दिवसा तर कधी रात्री. गाडी अर्धवट भरणार आणि तुम्ही बांधावर डास मारत बसणार.

मास्तरांना दोन गोष्टी सांगतो. बत्तीस वर्षं खांबावर चढलोय म्हणून हक्काने सांगतो.

तुमच्या बिलावर वरच्या बाजूला "मंजूर भार" लिहिलेला असतो तो बघा. जुन्या घरांचा एक-दोन किलोवॅटच असतो. गाडीचा साधा चार्जर एकटाच तीन किलोवॅट ओढतो, सलग आठ-नऊ तास. छोटा इन्स्टंट गीझर पाच मिनिटं जवळजवळ तेवढीच वीज ओढतो, वायरीला कळत पण नाही. आठ तास ओढली की वायर बोलते. भार वाढवायचा अर्ज आधी करा, गाडी नंतर आणा.

दुसरं, गाडीसाठी वेगळं मीटरही घेता येतं. त्याला वेगळा दर आहे आणि त्यात जिना नाही, पहिलं युनिट आणि चारशेवं युनिट एकाच भावात. पण त्याचा स्थिर आकार वेगळा बसतो, गाडी चालो न चालो. महिन्याला पाचशे किलोमीटरवाल्याचा फायदा त्यातच जिरतो. तुमच्यासारख्या दीड हजारवाल्याने मात्र चालू दरपत्रक घेऊन एकदा मांडून बघावं, विशेषतः उन्हाळ्याचं.

फैजपूरचा ठिबकवाला

वायरमनकाकांनी वायरिंगचा विषय काढला ते बरं झालं, कारण मी ठेच खाल्लीय.

गाडी आली त्या रात्री मोठ्या हौसेने पोर्चमधल्या जुन्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटला चार्जर लावला. लाल दिवा. पुन्हा लावला, पुन्हा लाल. मला वाटलं गाडीच खराब. सकाळी कळलं की घराला अर्थिंगच नाही. तिसऱ्या भोकात वायर होती, ती भिंतीत शिरून कुठेच जात नव्हती. आमच्या वडिलांनी चाळीस वर्षं तशीच काढली. फ्रिज, टीव्ही कुरकुरत नाहीत, पण हा चार्जर अर्थिंग तपासल्याशिवाय वीज घेतच नाही. शहाणं यंत्र आहे.

मग खड्डा खोदून अर्थिंग केलं, कोळसा-मीठ भरलं, मीटरपासून वेगळी जाड तांब्याची वायर ओढली. सॉकेट मात्र जुनंच ठेवलं, दोनशे रुपये वाचवायला. दोन महिन्यांनी वास आला. प्लगची एक पिन चॉकलेटी झालेली आणि सॉकेट वितळून तिला चिकटलेलं. चूक माझीच. आता औद्योगिक सॉकेट, वेगळी एमसीबी आणि आरसीसीबी (वीज जास्त ओढली किंवा गळली की तोडणारी बटणं) आहे. वायरिंग, अर्थिंग, सबमीटर सगळं मिळून ११,२०० रुपये गेले. तुमच्या धाब्याच्या भागात मातीची भिंत असेल तर वायर भिंतीतून नेऊच नका, बाहेरून पाइपातून न्या.

उन्हाळ्यात तिन्हीसांजेला व्होल्टेज १९० वर आलं की चार्जर मध्येच थांबतो. मी रात्री अकराला लावतो, सकाळी सातला काढतो.

आता बाहेरच्या चार्जिंगचं. त्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण दिवाळीला पुण्या-नाशिकला जालच. नाशिकला गेलो होतो, धुळे-मालेगाव मार्गे. धुळ्याच्या पुढे एका हॉटेलच्या आवारात फास्ट चार्जर. पाटीवर १८ रुपये ५० पैसे युनिट. हातात बिल पडलं ते १८ टक्के जीएसटीसकट, युनिटाला २१ रुपये ८३ पैशांनी. हायवेला नव्वदने एसी लावून गेलात की युनिटाला सहा किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला साडेतीनच्या वर. सीएनजीवाली छोटी गाडी त्याच रस्त्याला तीन-सव्वातीनमध्ये जाते. त्यामुळे "हायवेला पण स्वस्त" हे जो सांगतो त्याने सीएनजीची गाडी बघितलेली नाही.

बरं, त्या चार्जरचं अ‍ॅप वेगळं, मालेगावजवळच्या चार्जरचं वेगळं, आणि दोन्हीच्या पाकिटात आधी पैसे टाकावे लागतात. माझे एका अ‍ॅपमध्ये १४० रुपये अडकलेत. ते वसूल करायला पुन्हा तिकडे जावं लागेल, म्हणजे अडकलेत त्याच्या कितीतरी पट खर्च. आणि पाऊण तास बसायचं म्हटल्यावर आपण काही कोरडे बसत नाही. चार्जिंग ३१० चं झालं, शेवभाजी-भाकरी आणि चहा २६० चा. हा खर्च मी वहीत गाडीच्या खात्यावर टाकला होता, बायकोने खोडला.

पूर्ण वर्षाचा ताळा देतो. एकूण १९,४६० किलोमीटर. त्यातले १७,३०० घरच्या विजेवर, २,५४० युनिट, बिलातली वाढ ४३,९०० रुपये. म्हणजे २ रुपये ५४ पैसे. बाकीचे २,१६० किलोमीटर बाहेरच्या चार्जरवर, ३५२ युनिट, ७,६८० रुपये. म्हणजे ३ रुपये ५६ पैसे. दोन्ही मिळून किलोमीटरला २ रुपये ६५ पैसे.

माझी आधीची पेट्रोल गाडी १७ द्यायची. तेवढ्याच किलोमीटरला १ लाख २० हजारांचं पेट्रोल लागलं असतं. वर्षाचे साडेअडुसष्ट हजार वाचले. पण याच गाडीच्या पेट्रोलवालीपेक्षा मी पावणेतीन लाख जास्त मोजलेत, आणि वर ते ११,२०० वायरिंगचे. चार वर्षं आणि वर दोन महिने, तेव्हा कुठे मी बरोबरीला येतो. बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी आहे म्हणून झोप लागते.

देवपूरकर

मी धुळ्यात भाड्याने राहते. आमच्याकडे या पायऱ्या वगैरे भानगड नाही. घरमालक काका सबमीटर बघून सरसकट १४ रुपये युनिट घेतात. पोराने हिशोब केला, किलोमीटरला दोन रुपये पडतात. म्हणजे ठिबकवाले भाऊंपेक्षा मी स्वस्तात आहे! काकांना हा धागा दाखवणार नाही.

साक्री रोड

एवढी चर्चा झाली आणि सोलरचं कोणी बोललं नाही? पीएम सूर्यघरमधून तीन किलोवॅट बसवलंय. १,९५,००० खर्च, ७८,००० अनुदान खात्यात आलं. आपल्या साक्रीला ऊन इतकं की सरकारने १२५ मेगावॅटचा प्रकल्प टाकला, मग आपण गच्ची कशाला रिकामी ठेवायची?

पण "सोलर आहे, चार्जिंग फुकट" असं मी म्हणत नाही. माझ्या खिशातले १,१७,००० गेले. तेच बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला ८,१९० व्याज आलं असतं. पॅनल वीस वर्षं धरले तर वर्षाला ५,८५० झिजतात. मिळून १४ हजार. वीज होते वर्षाला ४,१५० युनिट. म्हणजे युनिट ३ रुपये ३८ पैशांना पडलं, किलोमीटर पन्नास पैशांच्या आत. त्यातही मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी पॅनल पुसावे लागतात. एवढी धूळ बसते की बोटाने नाव लिहावं.

खरी मजा वेगळीच आहे. नेट मीटरिंगमध्ये तयार झालेली युनिटं आधी वजा होतात आणि मग उरलेल्यांना पायऱ्या लागतात. मास्तरांचे घर-गाडी मिळून ३९५. सोलरचे ३४५ वजा केले, उरले ५०. ते ५० पहिल्या पायरीवरचे! ज्या पायरीवर गाडीला जागाच नाही असं ठिबकवाले म्हणाले, तिथे ती येऊन बसते.

निवृत्त वायरमन

साक्री रोडवाल्यांच्या बोलण्यात एक भर. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर सवलत आहे, सुरू झाली तेव्हा युनिटामागे ८० पैसे होती. पण मास्तर, तेव्हा तुमची गाडी जळगावात शाळेच्या झाडाखाली. तुम्हाला ती सवलत रविवारपुरती.

केळीवाला

शाळेतच लावा की मग. शाळेचं बिल सरकार भरतं.

एरंडोलचा मास्तर

केळीवाले भाऊ, तुमच्या जिभेला काही हाड? 🙏 नोकरी करू द्या.

सगळ्यांचे आभार. कालपासून तीन कामं केली.

साडूंना फोन केला. गाडी येण्याआधीच्या मे महिन्यात त्यांचं बिल होतं ५,१००. घरात दोन एसी. म्हणजे गाडीचे झाले ४,१००, आणि त्या महिन्यात गाडी चालली साडेतेराशे. किलोमीटरला ३ रुपये ४ पैसे. ठिबकवाले, तुम्ही माझ्यासाठी उन्हाळ्याचा आकडा काढला होता ३ रुपये १५. अकरा पैशांचा फरक. साडू मात्र म्हणतात, "ते काही असो, एवढं बिल बघून छातीत धस्स होतं." पंपावर थोडे थोडे करून जायचे ते दिसत नव्हते, आता एकाच कागदावर एकदम दिसतात. हे काही मला गणितात बसवता आलं नाही.

माझा हिशोब असा : नऊ महिने ३,३२८ आणि तीन महिने ४,७२८, वर्षाचे ४४,१३६ रुपये. पेट्रोलचे होतात १,०५,०००. साठ हजारांच्या वर वाचतात. जास्तीची किंमत भरून निघायला साडेचार वर्षं. माझ्या निवृत्तीला सहा आहेत. बसतंय. सोलर नंतर बघू, आधी पुढच्या स्लॅबची गळती काढायचीय.

दुसरं, बिल काढून बघितलं. मंजूर भार एक किलोवॅट! म्हणजे आजवर कूलर आणि मिक्सर एका वेळी चालले हीच कृपा. सोमवारी अर्ज टाकतोय. मागच्या भिंतीचं सॉकेट उघडून घेतलं, तिसऱ्या भोकाला वायरच नाही. ठिबकवाल्यांकडे निदान भिंतीत शिरत तरी होती.

तिसरं, शोरूममध्ये गेलो. त्या पोरासमोर त्याचाच कागद ठेवला आणि विचारलं, "बाळा, पहिले शंभर युनिट कोण खातं?" तो म्हणाला, "सर, बसा ना, चहा सांगतो."

अमळनेरी

चहा पिना का मग?

एरंडोलचा मास्तर

प्यालो. आणि वायरिंग त्यांच्याकडून करून मागितली. विचारून सांगतो म्हणाला.